रेडिओ-नियंत्रित मॉडेल वाहनांच्या देखभालीसाठी षट्कोनी ड्रायव्हरची निवड : ओझर परिसराच्या संदर्भात एक विवेचन

प्रस्तावना

नाशिकपासून सुमारे वीस किलोमीटर अंतरावर, मुंबई-आग्रा महामार्गालगत बाणगंगेच्या काठी वसलेले निफाड तालुक्यातील ओझर हे गाव १९६४ पासून विमाननिर्मितीशी जोडले गेले आहे. हिंदुस्थान एरोनॉटिक्स लिमिटेडच्या येथील कारखान्यात प्रथम मिग-२१, पुढे मिग-२७ आणि २००४ पासून सुखोई-३० एमकेआय या लढाऊ विमानांची बांधणी झाली. ऑक्टोबर २०२५ मध्ये याच ठिकाणाहून तेजस मार्क-१ए या विमानाने आकाशात झेप घेतली. 'ओझर मिग' हे गावाचे बोलीतील नाव या इतिहासाचीच साक्ष देते.

विमानाच्या देखभालीत हत्यारांची शिस्त अत्यंत कडक असते. प्रत्येक पान्ह्याला व ड्रायव्हरला फळीवर त्याच्याच आकाराची ठरलेली जागा असते, काम सुरू होण्यापूर्वी व संपल्यावर हत्यारे मोजली जातात आणि एखादे हत्यार सापडत नसेल तर ते सापडेपर्यंत विमान उड्डाणासाठी दिले जात नाही. झिजलेले हत्यार वापरातून काढून टाकणे हाही या शिस्तीचाच भाग होय. अशा गावाच्या परिसरातील महाविद्यालयांत, किंबहुना कोठल्याही महाविद्यालयात, विद्यार्थी रेडिओ-नियंत्रित मोटार किंवा विमानाचे मॉडेल हाताळू लागले की मात्र हत्याराकडे सर्वांत शेवटी लक्ष जाते. एनसीसीच्या हवाई विभागातील एरोमॉडेलिंग, अभियांत्रिकी शाखेतील प्रकल्प आणि विज्ञान मंडळांचे उपक्रम यांमुळे अशी मॉडेले आता बऱ्याच महाविद्यालयांत आहेत. त्यांपैकी अनेक मॉडेले मोटर जळाल्यामुळे किंवा बॅटरी निकामी झाल्यामुळे नव्हे, तर एका बारीक स्क्रूची खाच गोल झाल्यामुळे कपाटात पडून राहतात. हे का घडते आणि षट्कोनी ड्रायव्हर निवडताना नेमके काय पाहावे, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

षट्कोनी खाच कशी आली

आपल्याकडे दुकानदारापासून कारागिरापर्यंत सर्वजण ज्याला 'ॲलन स्क्रू' म्हणतात, त्याचे नाव अमेरिकेतील हार्टफर्ड येथील विल्यम ॲलन यांच्यावरून पडले आहे. अशी खाच थंड पोलादात दाबून तयार करण्याच्या पद्धतीचे पेटंट त्यांना १९१० मध्ये मिळाले. त्यापूर्वी कारखान्यातील फिरत्या दांड्यांवर पुली किंवा कॉलर पक्की करण्यासाठी चौकोनी डोक्याचे स्क्रू वापरीत. ही डोकी दांडीच्या पृष्ठभागाबाहेर आलेली असत. फिरत्या डोक्यात कामगाराचा सदरा किंवा बाही अडकून माणूस यंत्रात ओढला जाण्याचे अपघात त्या काळी वारंवार होत. डोके नसलेला, दांडीच्या पृष्ठभागाच्या आत बसणारा स्क्रू हा त्यावरील उपाय होता. मॉडेल मोटारीच्या पिनियन गियरमध्ये बसणारा ग्रब स्क्रू हा त्याच सुरक्षा स्क्रूचा वंशज होय. या सर्व स्क्रूंमध्ये सर्वाधिक त्रास देणाराही तोच आहे, हे पुढील विवेचनावरून दिसून येईल.

सर्वच मॉडेलांत षट्कोनी खाचा असतात असे नाही. जपानच्या तामिया कंपनीची रेडिओ-नियंत्रित मोटारींची परंपरा १९७६ च्या पोर्शे ९३४ पासून सुरू होते. या कंपनीच्या अनेक संचांत आजही अधिक चिन्हाच्या खाचेचे स्क्रू आढळतात आणि त्यांना जपानी मानकाचा वेगळा ड्रायव्हर लागतो. तो विषय येथे विचारात घेतलेला नाही.

मापाचा प्रश्न

एक-दशांश प्रमाणाच्या मॉडेल मोटारीत प्रामुख्याने तीन मि.मी. व्यासाचे, म्हणजे एम-३ स्क्रू असतात. आटे एकच असले तरी डोक्यानुसार चावीचे माप बदलते. दंडगोल डोक्याच्या एम-३ स्क्रूला २.५ मि.मी.ची चावी लागते, घुमटाकार डोक्याच्या एम-३ ला २ मि.मी.ची आणि बिनडोक्याच्या ग्रब स्क्रूला केवळ १.५ मि.मी.ची. एम-४ च्या बाबतीत हीच मापे अनुक्रमे ३, २.५ व २ मि.मी. अशी येतात. याचा अर्थ १.५, २, २.५ आणि ३ या चार मापांत बहुतेक सर्व काम भागते. बाजारात आकर्षक डबीत मिळणाऱ्या तीस नगांच्या संचातील उरलेली सव्वीस मापे या कामी जवळजवळ निरुपयोगी ठरतात.

माप लहान होत गेले की चावीची पीळ सोसण्याची क्षमता त्याच प्रमाणात कमी होते, असा सर्वसाधारण समज असतो. वास्तविक ही क्षमता मापाच्या घनाच्या प्रमाणात बदलते. २.५ मि.मी.ची चावी १.५ मि.मी.च्या चावीपेक्षा दीडपट किंवा दुप्पट नव्हे, तर साडेचार पटींहून अधिक पीळ सोसते. विद्यार्थ्याच्या हाताला मात्र हा फरक जाणवत नाही. तो दोन्ही चाव्या सारख्याच जोराने फिरवतो आणि १.५ चे टोक मुरगळते किंवा खाच गोल होते.

याहून महत्त्वाचा मुद्दा खाच व चावी यांच्यातील फटीचा आहे. प्रमाणित एम-३ दंडगोल स्क्रूची २.५ मि.मी.ची खाच प्रत्यक्षात २.५२ ते २.५८ मि.मी. असते, कारण चावी आत जाण्यासाठी थोडी मोकळीक आवश्यक असते. या मोकळिकीमुळे चावी खाचेत किंचित फिरते आणि मगच तिचे कोपरे खाचेच्या भिंतींना टेकतात. भूमितीने हिशेब केल्यास, अचूक २.५ मि.मी.ची चावी २.५२ च्या खाचेत एका अंशाहून कमी फिरते व २.५८ च्या खाचेत सुमारे साडेतीन अंश. तीच चावी झिजून २.४४ झाली असेल तर २.५८ च्या खाचेत ती सहा अंशांहून अधिक फिरते. चावी जितकी अधिक फिरेल तितका संपर्क सपाट बाजूवरून सरकून कोपऱ्याच्या धारेवर येतो. एम-३ स्क्रू एक न्यूटन-मीटर इतका आवळताना सहाही कोपऱ्यांनी भार समान वाटून घेतला, तरी प्रत्येक कोपऱ्यावर सुमारे बारा किलो वजनाइतका दाब येतो. चावी तिरपी धरली किंवा खाचेत अर्धवटच शिरली तर हा दाब एक-दोन कोपऱ्यांवर व खाचेच्या वरच्या काठावर एकवटतो. अशा वेळी स्क्रूचे पोलाद दबते आणि खाच गोल होऊ लागते.

इंची मापांमुळे या अडचणीत आणखी भर पडते. अमेरिकी बनावटीच्या जुन्या मॉडेलांत, उदाहरणार्थ १९८४ च्या आरसी-१० या मोटारीत, इंची स्क्रू असत. अशी मॉडेले व त्यांचे सुटे भाग आजही हातोहात फिरत असतात. इंचाचा ५/६४ म्हणजे १.९८ मि.मी. ही चावी २ मि.मी.च्या खाचेत जवळजवळ बरोबर बसते, त्यामुळे इंची व मेट्रिक चाव्या एकमेकींच्या जागी चालतात असा ग्रह होतो. परंतु इंचाचा ३/३२ म्हणजे २.३८ मि.मी. होय. ही चावी सैल खाचेत दहा अंशांच्या आसपास फिरते आणि एकाच प्रयत्नात स्क्रू निकामी करू शकते. १/१६ इंचाच्या, म्हणजे १.५९ मि.मी.च्या खाचेत १.५ ची चावी वापरणेही असेच घातक आहे. म्हणून इंची व मेट्रिक चाव्या एकाच डब्यात ठेवू नयेत. वेगळ्या रंगाच्या मुठी किंवा साधी रंगीत चिकटपट्टी एवढा उपायही या कामी पुरेसा होतो.

पोलाद आणि मुलामा

चावीचे टोक स्क्रूपेक्षा कठीण असले पाहिजे, हे उघड आहे. दर्जेदार १२.९ श्रेणीच्या स्क्रूचा कठीणपणा रॉकवेल-सी मापनावर ३९ ते ४४ असतो. चांगल्या ड्रायव्हरचे टोक त्याहून बरेच वर असते. मात्र कठीणपणा वाढला की चिवटपणा घटतो व टोक काचेसारखे तुटू शकते. म्हणूनच या कामासाठी एस-२ नावाचे, आघात सोसणारे हत्यारी पोलाद पसंत केले जाते. सर्वसाधारण एल-आकाराच्या चाव्या क्रोम-व्हॅनेडियम पोलादाच्या असतात. योग्य उष्णोपचार झाला असेल तर त्याही उत्तम काम देतात. खरी अडचण वेष्टनावर पोलादाचे नावच नसलेल्या चाव्यांची आहे.

सोनेरी टोकाचे ड्रायव्हर अधिक टिकतात, असा समज विद्यार्थ्यांमध्ये रूढ आहे. तो सोनेरी थर टायटॅनियम नायट्राइडचा असेल तर पृष्ठभाग खरोखर कठीण होतो, परंतु थराची जाडी काही मायक्रॉनच असते. आतले पोलाद मऊ असेल तर थरासकट कोपरा दबतो. शिवाय सोनेरी दिसणारा प्रत्येक थर टायटॅनियम नायट्राइडचाच असेल, असेही नाही. रंगावर किंमत मोजणे श्रेयस्कर नव्हे.

मॉडेल वाहनांच्या जगात स्लोव्हाकियातील हुडी आणि अमेरिकेतील एमआयपी या कंपन्यांच्या ड्रायव्हरना मान आहे. त्यांची टोके घासून अचूक मापास आणलेली असतात व हुडीसारख्या ड्रायव्हरचे टोक झिजल्यावर तेवढेच बदलता येते. जर्मनीतील वेरा कंपनीने खाचेच्या भिंतीवर कोपऱ्याऐवजी रुंद पृष्ठभाग टेकेल असा 'हेक्स-प्लस' आकार प्रचारात आणला. तथापि महाविद्यालयाने परदेशी ड्रायव्हरच घ्यावेत, असे येथे सुचवायचे नाही. नाशिकच्याच सातपूर औद्योगिक वसाहतीतील टपारिया टूल्सच्या ॲलन चाव्या ओझरच्या हार्डवेअर दुकानात सहज मिळतात. अशा चांगल्या एल-चावीचा लांब सरळ हात कापून लाकडी वा ॲल्युमिनियमच्या मुठीत बसवल्यास कमी खर्चात उपयुक्त ड्रायव्हर तयार होतो. वर्कशॉप असलेल्या संस्थेत विद्यार्थ्यांना देण्याजोगे हे एक चांगले प्रात्यक्षिकही ठरेल.

मूठ निवडताना 'जाड तितकी चांगली' हा नियम सर्व मापांना लावू नये. जाड मुठीने हाताचा जोर वाढतो. २.५ व ३ मि.मी.साठी ते सोयीचे आहे, पण १.५ मि.मी.च्या ड्रायव्हरची मूठ बारीकच असावी, म्हणजे हाताला अतिरेक करताच येत नाही.

गोल टोक

चेंडूसारख्या गोल टोकाची चावी अमेरिकेतील जॉन बॉन्डहस यांनी १९६४ मध्ये, म्हणजे योगायोगाने ओझरच्या कारखान्याच्याच वर्षी आणली. ती तिरपी धरूनही फिरते, त्यामुळे चेसिसच्या आतल्या, अडचणीच्या जागी ती मोलाची ठरते. पण तिचा खाचेशी संपर्क अरुंद असतो. स्क्रू भरभर आत-बाहेर करण्यासाठी गोल टोक व शेवटचा आवळ किंवा पहिली सोडवणूक सरळ टोकाने, हा नियम पाळावा. ज्या प्रयोगशाळेत केवळ गोल टोकाच्याच चाव्या आहेत, तेथे खाचा खराब होणे अटळ आहे.

ग्रब स्क्रूची समस्या

पिनियनचा ग्रब स्क्रू १.५ मि.मी.च्या चावीचा, आकाराने अगदी लहान, सतत कंप सोसणारा आणि म्हणून बहुधा आटे पक्के करणारा द्रव लावून बसवलेला असतो. निळा, मध्यम प्रतीचा द्रव हातहत्याराने सुटतो. लाल, तीव्र प्रतीचा द्रव मऊ होण्यासाठी सुमारे २५० अंश सेल्सिअस उष्णता द्यावी लागते. येथे लायटर किंवा टॉर्च वापरणे धोक्याचे आहे, कारण मोटरमधील निओडिमियम चुंबक त्याहून कितीतरी कमी तापमानाला आपली शक्ती गमावू लागतात. सोल्डरिंग आयर्नचे टोक केवळ स्क्रूवर थोडा वेळ टेकवावे. चावी घालण्यापूर्वी खाचेतील माती टाचणीने उकरून काढावी. ओझरसारख्या भागात, जेथे मॉडेल मोटारी द्राक्षबागांमधल्या मातीच्या वाटांवर धावतात, खाचेच्या तळाशी घट्ट बसलेली माती हेच चावी अर्धवट शिरण्याचे मुख्य कारण असते. हा द्रव प्लॅस्टिकच्या भागांत थेट जाणाऱ्या स्क्रूंना लावू नये. तेथे त्याची गरज नसते आणि पॉलिकार्बोनेटसारख्या प्लॅस्टिकला त्याने तडे जातात.

खरेदी आणि नोंद

महाविद्यालयीन खरेदीत दरपत्रके मागवून किमान दर स्वीकारण्याची पद्धत आहे. मागणीपत्रात केवळ 'ॲलन की संच – १ नग' असे लिहिले तर किमान दराने मिळणारा संच कोणत्या प्रतीचा असेल, हे सांगणे नको. या पद्धतीला दोष देण्यापेक्षा मागणीचे शब्द सुधारणे अधिक उपयुक्त आहे. मापे १.५, २, २.५ व ३ मि.मी., सरळ टोक, एस-२ किंवा क्रोम-व्हॅनेडियम पोलाद, आयएसओ २९३६ मानकानुसार मापे, आणि १.५ व २ मि.मी.ची प्रत्येकी दोन जादा टोके किंवा चाव्या, एवढा तपशील दिल्यास सर्व पुरवठादारांचे दर एकाच पातळीवर येतात. माल स्वीकारताना प्रत्येक टोकाच्या समोरासमोरील बाजूंमधले अंतर मायक्रोमीटरने मोजून घ्यावे. पदार्थविज्ञानाच्या कोणत्याही प्रयोगशाळेत हे उपकरण असतेच.

झिजलेले टोक दोन-तीन मि.मी. घासून नवे करता येते, मात्र घासताना ते वारंवार पाण्यात बुडवावे. पोलादावर निळी छटा आली म्हणजे तापमान ३०० अंशांच्या आसपास गेले व कठीणपणा उतरू लागला असे समजावे. गोल टोकाची चावी अशा प्रकारे घासून सरळ टोकाची करता येते. उलट रूपांतर मात्र शक्य नाही.

एक बाब बहुधा दुर्लक्षित राहते. चाव्या एकदा जडसंग्रह नोंदवहीत चढल्या की निर्लेखनाच्या प्रक्रियेशिवाय त्या टाकता येत नाहीत. परिणामी कोपरे गेलेल्या चाव्याही वर्षानुवर्षे डब्यात राहतात, दर वार्षिक पडताळणीत 'उपलब्ध' म्हणून मोजल्या जातात आणि विद्यार्थ्यांच्या हाती पुनःपुन्हा येऊन नवे स्क्रू खराब करतात. ओझरच्या हँगरमध्ये मोजणीचा हेतू नेमका याच्या उलट असतो. तेव्हा मुठी जडसंग्रहात आणि टोके व एल-चाव्या उपभोग्य वस्तूंच्या नोंदवहीत दाखवाव्यात, म्हणजे १.५ मि.मी.चे टोक झिजताच प्रयोगशाळा सहायकाला ते कोणाच्याही सहीविना कचऱ्यात टाकता येईल.