दोष तसाच ठेवून

सिकलसेलचा आजार घेऊन जन्मलेले बाळ पहिले काही महिने ठणठणीत असते. दूध पिते, वजन धरते. दोष मात्र त्याच्या पेशींत जन्माआधीपासूनच असतो. मग आजार इतके दिवस दबा धरून का बसतो? जॅनेट वॉटसन या न्यूयॉर्कमधल्या बालरोगतज्ज्ञ. त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९४८ मध्ये याचे उत्तर सुचवले. आईच्या पोटात असतानाचे वेगळ्या जातीचे हिमोग्लोबिन बाळाच्या रक्तात शिल्लक असते, ते त्याला सांभाळते. हे निरीक्षण जनुके बदलणाऱ्या उपचारापर्यंत पोचायला ७५ वर्षे लागली.

आधी दोष काय आहे ते पाहू. हिमोग्लोबिनच्या एका रेणूत चार साखळ्या असतात, दोन अल्फा आणि दोन बीटा. बीटा साखळी बनवणाऱ्या जनुकात एकच अक्षर बदलते. त्यामुळे साखळीतल्या सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन येऊन बसते. १९५०च्या दशकात केंब्रिजमध्ये व्हर्नन इन्ग्रॅम यांनी हे दाखवले. व्हॅलिनला पाण्याचे वावडे असते. हिमोग्लोबिनने प्राणवायू सोडला की हे व्हॅलिन शेजारच्या रेणूतल्या खोबणीत रुतते, त्याच्यापुढे तिसरा रेणू चिकटतो आणि पेशीच्या आत ताठ दोरे तयार होतात. गोल, लवचिक तांबडी पेशी विळ्यासारखी वाकडी होते आणि बारीक रक्तवाहिन्यांत अडकते. जिथे रक्त पोचत नाही तिथे जीवघेण्या वेदना सुरू होतात. निरोगी तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते. ही १०-२० दिवसांतच फुटते, म्हणून पंडुरोगही पाठ सोडत नाही.

गर्भातल्या हिमोग्लोबिनमध्ये बीटाच्या जागी गॅमा साखळ्या असतात. आईच्या रक्तातून प्राणवायू ओढून घ्यायचा असल्याने ते त्याला अधिक घट्ट धरते. आपल्याला महत्त्वाचे हे की गॅमा साखळी असलेला रेणू त्या दोऱ्यांत नीट बसत नाही, दोरा तिथेच खुंटतो. जन्मानंतर गॅमाचे जनुक हळूहळू मिटत जाते आणि बीटाचे उघडते. ही दोन्ही जनुके अकराव्या गुणसूत्रावर एकमेकांजवळच आहेत. सिकलसेलच्या बाळाचे दुर्दैव असे की चांगले जनुक बंद होते आणि सदोष जनुक कामाला लागते.

गॅमाचे जनुक बंद कोण करते, हे कितीतरी वर्षे कोणालाच ठाऊक नव्हते. काही माणसांत मोठेपणीही गर्भहिमोग्लोबिन जास्त राहते. अशा लोकांचे डीएनए इतरांशी ताडून पाहताना २००७-०८ मध्ये युरोप-अमेरिकेतल्या संशोधकांचे बोट दुसऱ्या गुणसूत्रावरच्या बीसीएल११ए या जनुकावर गेले. बॉस्टनमध्ये विजय शंकरन आणि स्टुअर्ट ऑर्किन यांनी ते प्रयोगाने पक्के केले. हे जनुक जे प्रथिन बनवते, तेच गॅमाला दाबून ठेवते.

मग ते जनुकच का मोडू नये? इथे खरी अडचण होती. बीसीएल११ए मेंदूच्या वाढीला लागते आणि प्रतिकारशक्तीच्या बी-पेशींनाही लागते. रक्ताच्या मूळपेशींनाही त्यावाचून नीट काम करता येत नाही. ते सरसकट मोडले तर आजारापेक्षा उपाय जड. वाट सापडली ती जनुकाच्या आतल्याच एका लहानशा पट्ट्यात. हा पट्टा स्वतः प्रथिन बनवत नाही. जनुकाचा आवाज वाढवायचा, एवढेच त्याचे काम, आणि तेही फक्त तांबड्या पेशी घडत असताना. त्या पेशींतले गाटा१ नावाचे प्रथिन या पट्ट्यावर बसते, तेव्हाच बीसीएल११ए जोरात चालते. ही बसायची जागा उधळली की तांबड्या पेशींपुरता आवाज उतरतो, इतर पेशींना धक्का लागत नाही. मला या सगळ्या कथेत सर्वांत देखणा वाटतो तो हा शोध, कात्री नव्हे.

कात्री क्रिस्पर या डीएनए कापणाऱ्या तंत्राची. रुग्णाला औषध देऊन अस्थिमज्जेतल्या मूळपेशी रक्तात आणतात आणि यंत्राने वेगळ्या काढतात. प्रयोगशाळेत विजेच्या सूक्ष्म झटक्याने त्या पेशींत कॅस९ हे विकर आणि त्याला जागा दाखवणारा आरएनए घालतात. कॅस९ नेमक्या जागी डीएनएचे दोन्ही धागे कापते. पेशी ते घाईने सांधते, त्यात दोन-चार अक्षरे गळतात किंवा वाढतात आणि गाटा१ची जागा पुसली जाते. एरवी नकोशी असणारी ही चूकच इथे हवी असते. बीटाचे सदोष अक्षर कोणी दुरुस्त करत नाही, ते होते तिथेच राहते.

रुग्णासाठी सर्वांत कठीण भाग यानंतरचा. बुसल्फान या केमोथेरपीने त्याची जुनी मज्जा रिकामी करावी लागते आणि मग बदललेल्या पेशी शिरेतून सोडतात. त्या रुजेपर्यंत जंतुसंसर्गाची भीती असते आणि पुढे अपत्यप्राप्तीवर परिणाम होण्याचीही. ‘कॅसजेव्ही’ नावाच्या या उपचाराला ब्रिटनने नोव्हेंबर २०२३ मध्ये आणि अमेरिकेने डिसेंबरमध्ये मान्यता दिली. पुरेसा काळ लक्ष ठेवलेल्या ३१ रुग्णांपैकी २९ जणांना सलग किमान वर्षभर वेदनेचा तीव्र झटका आला नाही. अमेरिकेतली किंमत २२ लाख डॉलर, म्हणजे त्या वेळच्या दराने सुमारे १८ कोटी रुपये.

गडचिरोली, चंद्रपूर किंवा नंदुरबारच्या रुग्णाच्या कुटुंबाला हा आकडा सांगण्यात अर्थ नाही. दिल्लीची सीएसआयआर-आयजीआयबी ही संस्था स्वतःच्या क्रिस्पर तंत्रावर काम करते आहे, त्यातून खर्च उतरेल अशी आशा आहे. भारतातल्या बहुतेक सिकलसेल रुग्णांत मुळातच गर्भहिमोग्लोबिन थोडे जास्त असते. म्हणून आपल्याकडचा आजार सौम्य असतो, ही समजूत मात्र अर्धीच खरी. विदर्भातही तीव्र झटके येणारे रुग्ण पुष्कळ आहेत. त्यांच्यासाठी आज हाताशी असलेले औषध म्हणजे हायड्रॉक्सीयुरिया. स्वस्त कॅप्सूल, आणि तीसुद्धा गर्भहिमोग्लोबिन वाढवूनच काम करते. ती डॉक्टरांच्या देखरेखीखाली नियमित घ्यावी लागते, मध्येच सोडून चालत नाही.

आई आणि वडील दोघेही वाहक, म्हणजे सदोष जनुकाची एकच प्रत बाळगणारे, असतील तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला हा आजार होण्याची शक्यता २५ टक्के असते. वाहकाला बहुधा काहीच त्रास नसतो, त्यामुळे तपासल्याशिवाय कळत नाही. तुमच्या भागात किंवा नात्यात सिकलसेल असेल तर लग्न ठरवण्याआधी दोघांनीही सोल्युबिलिटी चाचणी करून घ्या. ती पॉझिटिव्ह आली तर इलेक्ट्रोफोरेसिसने खात्री करायला विसरू नका.