गतिरोधक द्रव, मोटारसायकलीतील

मोटारसायकलीच्या तबकडी गतिरोधकात (डिस्क ब्रेकमध्ये) तरफेवर दिलेला दाब चाकाजवळील दट्ट्यांपर्यंत पोहोचविणाऱ्या द्रवास गतिरोधक द्रव म्हणतात. व्यवहारात त्याला ‘ब्रेक ऑइल’ म्हणत असले, तरी नेहमीचा द्रव तेल नसून ग्लायकॉल ईथरांचे मिश्रण असते. खनिज तेल चुकून घातल्यास रबरी गाळे फुगून निकामी होतात.

द्रव व्यवहारतः असंपीड्य असल्यामुळे दाब तत्काळ पोहोचतो. मात्र ग्लायकॉल ईथरे आर्द्रताशोषक आहेत. टाकीचे झाकण व रबरी नळ्या यांतून हवेतील बाष्प द्रवात सावकाश शिरते. गाडी उभी असली तरी ही क्रिया थांबत नाही. ‘डॉट ४’ प्रतीच्या ताज्या द्रवाचा उकळबिंदू किमान २३०° से. असावा लागतो, सु. ३·७% पाणी मिसळल्यावर किमान १५५° से. एवढाच अपेक्षित असतो. ‘डॉट ३’ साठी हे आकडे अनुक्रमे २०५° व १४०° से. आहेत. लांब घाट उतरताना गतिरोधक सतत तापतात. जुना द्रव अशा वेळी उकळल्यास वाफेचे बुडबुडे तयार होतात. वाफ दाबली जाते, त्यामुळे तरफ मुठीपर्यंत येते. पण चाक थांबत नाही. सपाट रस्त्यावर या दोषाची चाहूलही लागत नाही, हाच त्यातील धोका होय. पाण्यामुळे दट्ट्ये व सिलिंडर गंजतात, ते वेगळेच.

म्हणून साधारणतः दर दोन वर्षांनी द्रव पूर्णपणे बदलावा असे बहुतेक उत्पादक सुचवितात. पातळी घटली की वरून भर घालणे म्हणजे बदल नव्हे : शिवाय पातळी बहुधा घर्षणपट्ट्या झिजल्यामुळे उतरते. द्रव तपकिरी झाला म्हणजे जुना हे खरे, पण फिकट द्रव निर्दोषच असतो असे नाही.

बदलताना टाकीतील जुना द्रव शोषून काढून ताजा भरतात. चाकाजवळील हवा काढण्याच्या पेचावर पारदर्शक नळी बसवितात. तरफ दाबून धरावी, पेच किंचित सैल करावा, द्रव वाहिल्यावर पेच घट्ट करावा व मगच तरफ सोडावी. हा क्रम उलटल्यास हवा आत ओढली जाते. स्वच्छ, बुडबुडेरहित द्रव येईपर्यंत ही कृती करतात. दरम्यान टाकी रिकामी होऊ देऊ नये. चाक जखडू न देणारी इलेक्ट्रॉनिक यंत्रणा (एबीएस) असल्यास तिच्या झडपांत जुना द्रव अडकून राहू शकतो. तेथे उत्पादकाची पद्धतच अनुसरावी.

द्रव रंगावर सांडल्यास रंग निघतो, म्हणून तो लगेच पाण्याने धुवावा. उघडून बराच काळ ठेवलेल्या बाटलीतील द्रव वापरू नये. ‘डॉट ५’ व ‘डॉट ५·१’ ही नावे फसवी आहेत : पहिला सिलिकोनयुक्त असून ग्लायकॉल द्रवात मिसळू नये, दुसरा ग्लायकॉलवर्गीयच आहे. टाकीच्या झाकणावर कोरलेली प्रत पाहूनच द्रव निवडावा.