फोन चालू, पण बॅकअप बंद! जुन्या स्मार्टफोनमधले फोटो आणि कागदपत्रं कशी वाचवायची?

सोलापूरहून अक्कलकोटकडे जाताना कुंभारी लागतं. विडी कामगार महिलांसाठी उभारलेली गोदुताई परुळेकर वसाहत इथलीच. असंघटित कामगारांसाठीच्या ३० हजार घरांचा रे नगर प्रकल्पही इथेच आहे. त्यातल्या १५ हजार घरांचं हस्तांतरण १९ जानेवारी २०२४ रोजी पंतप्रधानांच्या हस्ते झालं.

अशा वस्त्यांमध्ये मुलानं नवा फोन घेतला की त्याचा जुना फोन आईकडे येतो. आधार, रेशन कार्ड, बँकेचं पासबुक, घराच्या ताब्याचं पत्र, नातवंडांचे फोटो असं सगळं त्याच फोनमध्ये असतं. फोन लागतो, व्हिडिओ दिसतात, म्हणजे सगळं ठीक आहे असं वाटतं. पण फोनमधल्या गोष्टींची इंटरनेटवर आपोआप साठवली जाणारी प्रत, म्हणजेच क्लाउड बॅकअप, कधीच थांबलेला असू शकतो. हे बहुतेक वेळा फोन बिघडल्यावरच कळतं.

सिंक म्हणजे नेमकं काय?

तुम्ही फोटो काढला की तो आधी फोनमध्ये साठतो. मग गूगल फोटोजसारखं ॲप त्याची प्रत कंपनीच्या सर्व्हरवर पाठवतं. याला सिंक होणं म्हणतात. उद्या फोन हरवला तरी नव्या फोनमध्ये त्याच खात्यानं लॉग-इन केलं की फोटो परत मिळतात.

म्हणजे या व्यवहारात दोन बाजू असतात, तुमचा फोन आणि कंपनीचा सर्व्हर. सर्व्हर सतत बदलत राहतो. फोन मात्र शेवटचं अपडेट मिळालं तिथेच थांबतो. दाराचं कुलूप बदललं आणि आपल्या हातात किल्ली जुनीच राहिली, असा हा प्रकार आहे.

कोणते फोन मागे पडले?

गेल्या काही वर्षांतल्या काही मोठ्या तारखा अशा:

- २७ सप्टेंबर २०२१: अँड्रॉइड २.३.७ किंवा त्याहून जुन्या फोनवर गूगल खात्यात लॉग-इन करणं बंद झालं.
- ऑगस्ट २०२३: अँड्रॉइड ४.४, म्हणजे किटकॅटसाठी 'गूगल प्ले सर्व्हिसेस'चे अपडेट थांबले. लॉग-इन, सिंक, लोकेशन अशी अनेक कामं पडद्यामागून हीच यंत्रणा करते. भारतात २०१४ साली आलेले मायक्रोमॅक्स, कार्बन आणि स्पाइसचे स्वस्त 'अँड्रॉइड वन' फोन याच किटकॅटवर आले होते.
- २४ ऑक्टोबर २०२३: व्हॉट्सॲपसाठी किमान अँड्रॉइड ५.० आवश्यक झालं.
- १८ डिसेंबर २०२४: ॲपलनं आयओएस ८ आणि त्याआधीच्या आवृत्त्यांवरचा आयक्लाउड बॅकअप बंद केला. या फोनचे क्लाउडवरचे जुने बॅकअपही काढून टाकले जातील, असं कंपनीनं कळवलं होतं. प्रत्यक्ष फोनमधला डेटा तसाच राहिला.
- मे २०२५: आयफोनवर व्हॉट्सॲपसाठी आयओएस १५.१ लागू लागलं. त्यामुळे आयफोन ५एस, ६ आणि ६ प्लस बाहेर पडले.
- ऑगस्ट २०२५: क्रोम ब्राउझरच्या नव्या आवृत्तीला अँड्रॉइड १० लागू लागलं.

कंपन्या असं का करतात?

पहिलं कारण सुरक्षा. जुन्या अँड्रॉइडमधल्या त्रुटी हॅकर्सना माहीत असतात, पण त्या बुजवणारे अपडेट आता येत नाहीत. अशा फोनमधून खातं चोरीला जाण्याचा धोका जास्त.

दुसरं कारण डिजिटल प्रमाणपत्रांचं. समोरची वेबसाइट खरी आहे की नाही, हे फोन आपल्याकडच्या 'विश्वासू' प्रमाणपत्रांच्या यादीवरून ओळखतो. ही यादी जुनी झाली की खरी साइटही त्याला खोटी वाटते. जगातल्या कोट्यवधी वेबसाइट 'लेट्स एन्क्रिप्ट' या संस्थेची प्रमाणपत्रं वापरतात. तिचं नवं मूळ प्रमाणपत्र अँड्रॉइड ७.१.१ पेक्षा जुन्या फोनमध्ये नव्हतंच. त्यासाठी केलेली तात्पुरती सोय सप्टेंबर २०२४ पर्यंतच होती.

तिसरं कारण खर्चाचं. प्रत्येक जुन्या आवृत्तीवर ॲप तपासायला माणसं आणि वेळ लागतो. वापरणारे कमी उरले की कंपनी हात काढून घेते. कंपनीच्या दृष्टीनं तो आकडा छोटा असेल, पण ज्याच्या घरात तोच एक फोन आहे, त्याच्यासाठी ते सगळंच असतं.

प्रत्येक वेळी दोष जुन्या फोनचाच असतो का?

नाही. नवा फोन घेण्याआधी दोन गोष्टी तपासा.

एक म्हणजे जागा. गूगल प्रत्येक खात्याला १५ जीबी मोफत जागा देतं. १ जून २०२१ पासून नवे फोटो या जागेत मोजले जातात. २०२४ पासून अँड्रॉइडवरचा व्हॉट्सॲप बॅकअपही त्यातच धरला जाऊ लागला. जागा भरली की अगदी नव्या फोनवरही बॅकअप थांबतो. 'गुड मॉर्निंग'चे मोठे व्हिडिओ काढून टाकले तरी बरीच जागा मोकळी होते.

दुसरी म्हणजे तारीख. बॅटरी पूर्ण उतरल्यावर काही जुन्या फोनची तारीख मागे जाते. तारीख चुकीची असेल तर फोन प्रमाणपत्रं नाकारतो आणि सिंक होत नाही. सेटिंग्जमध्ये तारीख-वेळ 'ऑटोमॅटिक' ठेवा.

आपला बॅकअप चालू आहे, हे कसं ओळखायचं?

- सेटिंग्जमध्ये 'अबाउट फोन' उघडून अँड्रॉइडची आवृत्ती पाहा.
- गूगल फोटोजमध्ये वर उजवीकडच्या प्रोफाइल चित्रावर टॅप करा. बॅकअप पूर्ण झाला की अडकला, ते तिथे दिसतं.
- व्हॉट्सॲपच्या सेटिंग्जमध्ये 'चॅट्स' आणि मग 'चॅट बॅकअप' उघडा. शेवटच्या बॅकअपची तारीख महिन्यांपूर्वीची असेल तर तो थांबलाय असं समजा.

बॅकअप थांबला असेल तर काय करायचं?

फोन रिसेट करू नका. 'सगळं पुसून नव्यानं सुरू करा' हा सल्ला इथे महागात पडतो. फोनमधलं आधीचं लॉग-इन जातं आणि जुनी आवृत्ती पुन्हा लॉग-इन होऊ देईलच असं नाही.

प्रत फोनबाहेर काढा. यूएसबी केबलनं फोन संगणकाला जोडा आणि 'डीसीआयएम' फोल्डर कॉपी करा. व्हॉट्सॲपवर आलेले फोटो वेगळ्या फोल्डरमध्ये असतात, तेही घ्या. संगणक नसेल तर मेमरी कार्ड किंवा ओटीजी पेनड्राइव्ह चालतो.

नंबर विसरू नका. कॉन्टॅक्ट्स ॲपमधून 'एक्स्पोर्ट' केलं की सगळे नंबर एका फाइलमध्ये येतात.

खात्याची किल्ली जपा. गूगल खात्याचा ईमेल आणि पासवर्ड वहीत लिहून घरात ठेवा. रिकव्हरीचा मोबाइल नंबर चालू आहे ना, तेही बघा. सलग दोन वर्षं न वापरलेली खाती गूगल हटवू शकतं, हा नियम डिसेंबर २०२३ पासून लागू आहे.

कागदपत्रांसाठी फोटोवर विसंबू नका. आधारसारखी कागदपत्रं डिजिलॉकरवर थेट सरकारी यंत्रणेकडून मिळतात. ती फोनमध्ये अडकत नाहीत. त्यासाठी आधारला जोडलेला मोबाइल नंबर मात्र चालू हवा. लाडकी बहीण योजनेच्या ई-केवायसीलाही त्याच नंबरवर ओटीपी येतो, त्यामुळे ते सिम जपणं फोन जपण्याइतकंच महत्त्वाचं.

अनोळखी लिंकवरून ॲप घेऊ नका. 'जुन्या फोनवर चालणारं व्हॉट्सॲप' म्हणून फिरणाऱ्या फाइल्समधून खातं चोरीला जाऊ शकतं.

पुढचा फोन घेताना

किंमत आणि कॅमेऱ्याबरोबर दुकानदाराला आणखी एक प्रश्न विचारा: सुरक्षा अपडेट कोणत्या वर्षापर्यंत मिळणार? गूगलनं पिक्सेल ८ पासून आणि सॅमसंगनं गॅलेक्सी एस२४ पासून सात वर्षांच्या अपडेटचं आश्वासन दिलं आहे. स्वस्त फोनमध्ये हा काळ बराच कमी असतो. सेकंडहँड फोन घेताना तर हे आधी बघा, कारण त्यातली काही वर्षं पहिल्या मालकानंच वापरलेली असतात.

आणि घरात आईच्या, आजीच्या हातात जुना फोन असेल, तर या रविवारी दहा मिनिटं काढून त्यातली शेवटच्या बॅकअपची तारीख तेवढी बघा.