काट्यावरचे पाणी, पोटातला वायू

आहार बदलल्यावर पहिल्या आठवडाभरात वजनकाट्यावर जो फरक दिसतो, त्यात चरबीचा वाटा फार थोडा असतो. तो फरक बहुतांशी पाण्याचा, मिठाचा आणि त्या वेळी आतड्यात असलेल्या अन्नाचा असतो. त्याच दिवसांत पोट फुगते, गुडगुडते, कधी शौचाला साफ होत नाही तर कधी जुलाब होतात. दोन्ही तक्रारी एकदम सुरू होतात, म्हणून त्यांचे कारणही एकच वाटते. प्रत्यक्षात पहिली यकृत, स्नायू आणि मूत्रपिंडे यांच्याशी संबंधित असते आणि दुसरी मुख्यतः मोठ्या आतड्याशी.

हा फरक एका ठिकाणच्या उदाहरणाने पाहू. पुण्याहून पौडकडे जाताना पिरंगुटच्या पुढे कासार आंबोली लागते. हा मुळशी तालुका, भाताचा मुलूख. आंबेमोहोर इथला जुना वाण आणि इंद्रायणी त्याच्याच वंशातला. महाराष्ट्र एज्युकेशन सोसायटीची राणी लक्ष्मीबाई मुलींची सैनिकी शाळा याच गावात आहे, आणि ती निवासी आहे. जवळच्या पिरंगुट परिसरात कारखाने आहेत. वसतिगृह आणि कारखान्याचे कँटीन या दोन ठिकाणी माणसाचा आहार एका दिवसात बदलतो. समजा, ज्वारीच्या भाकरीवर वाढलेली सोलापूरकडची मुलगी आणि दोन्ही वेळा भात खाणारी रत्नागिरीकडची मुलगी अशा एखाद्या वसतिगृहात शेजारी जेवायला बसल्या. ताटे सारखीच असली तरी दोघींच्या शरीरांत पुढचे काही दिवस निरनिराळ्या घडामोडी चालतात.

आधी वजनाचे पाहू. खाल्लेल्या पिष्टाची साखर होते आणि तिचा वापरून उरलेला भाग यकृतात व स्नायूंत ग्लायकोजेनच्या रूपात साठतो. यकृतातला हा साठा क्लोद बर्नार या फ्रेंच शरीरशास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला शोधून काढला. प्रौढ माणसाच्या यकृतात साधारण १०० ग्रॅम आणि स्नायूंत ४०० ग्रॅमच्या आसपास ग्लायकोजेन मावते. ते कोरडे साठत नाही; भिजवलेल्या पोह्यांप्रमाणे पाणी धरून बसते, एका ग्रॅमला सुमारे तीन ग्रॅम. म्हणजे भांडार भरलेले आणि रिकामे यांतला फरक जवळजवळ दोन किलोंचा. भात-पोळी बंद केली की दोन-तीन दिवसांत हे भांडार उतरते आणि त्याचे पाणी लघवीवाटे निघून जाते. ‘सात दिवसांत तीन किलो कमी’ अशा जाहिरातींना पहिला पुरावा मिळतो तो इथे. पुढे लग्नाच्या पंगतीत दोनदा भात घेतला की काटा पुन्हा वर जातो आणि आपण सगळे घालवले असे वाटून माणूस खचतो. हिशेब मात्र वेगळे सांगतो. एक किलो चरबी म्हणजे सुमारे ७,७०० किलोकॅलरी. एका रात्रीत दोन किलो चरबी चढायची तर गरजेपेक्षा १५,४०० किलोकॅलरी जास्त खाव्या लागतील, म्हणजे एका माणसाचे आठवडाभराचे जेवण. कुठल्याही पंगतीत ते शक्य नाही.

मिठाचा परिणाम असाच. शरीरातल्या पेशींबाहेरच्या द्रवात लिटरमागे सुमारे नऊ ग्रॅम मीठ असते आणि मूत्रपिंडे हे प्रमाण कसोशीने सांभाळतात. पापड, लोणचे, फरसाण यांतून पाच ग्रॅम मीठ जास्त गेले, तर ते बाहेर टाकले जाईपर्यंत अर्ध्या लिटरच्या आसपास पाणी शरीरात थांबते. मासिक पाळीच्या आधी पाणी साठते, हे बहुतेक मुलींना अनुभवाने ठाऊक असते. शिवाय सवय नसताना कवायत, धावणे सुरू झाले की दुखऱ्या स्नायूंत काही दिवस पाणी धरले जाते. वसतिगृहात नव्याने आलेल्या मुलीचे वजन या सगळ्या कारणांनी आठवडाभरात वर-खाली झाले, तर त्यावरून ती जाड झाली की वाळली हे ठरवणे चूक आहे.

आतड्यातल्या ऐवजाचे वजनही दुर्लक्षिण्याजोगे नाही. युगांडात काम केलेले शल्यविशारद डेनिस बर्किट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७२ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात दाखवून दिले, की चोथा भरपूर खाणाऱ्या आफ्रिकी खेडुतांचा दिवसाचा मल मैद्यावर जगणाऱ्या ब्रिटिशांच्या चौपटीहून जास्त भरतो. मैद्याकडून भाकरी-भाजीकडे वळलेल्या माणसाचा काटा थोडा वर गेला, तर त्यात याचाही हिस्सा असतो.

रोजच्या वजनाच्या या चढ-उताराचा सर्वांत चिवट अभ्यासक होता इटलीतल्या पादुआ विद्यापीठाचा प्राध्यापक सांतोरिओ सांतोरिओ. त्याने मोठ्या तराजूला खुर्ची टांगली आणि तिच्यात बसून तो जेवला. खाल्ले-प्यायलेले, मल, मूत्र आणि स्वतःचे शरीर हे सगळे तो तोलत राहिला, तेही सुमारे तीस वर्षे. १६१४ मध्ये त्याचे पुस्तक आले. आठ पौंड अन्नपाणी घेतले तर त्यातले पाच पौंड न दिसणाऱ्या वाटेने, त्वचेतून आणि श्वासातून नाहीसे होते, हा त्याचा निष्कर्ष. ऑक्सिजनचा शोध लागायला अजून दीड शतक होते, तरी हा माणूस केवळ तराजूच्या बळावर इथवर पोचला! त्याचा धागा २०१४ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या रुबेन मीरमन आणि अँड्रू ब्राउन यांनी पुढे नेला. शरीरातली १० किलो चरबी पूर्ण जळते, तेव्हा ८.४ किलो कार्बन डायऑक्साइड होऊन श्वासावाटे जाते आणि १.६ किलोचे पाणी होते. चरबी घामातून वितळते हा समज म्हणूनच खरा नाही.

आता पोटाकडे. मटकी, चवळी, हरभरा, वाटाणा यांत रॅफिनोज आणि स्टॅकिओज या शर्करा असतात. त्या तोडणारे विकर माणसाच्या लहान आतड्यात नाही. त्या जशाच्या तशा मोठ्या आतड्यात जातात आणि तिथले जिवाणू त्या आंबवतात. त्यातून हायड्रोजन, कार्बन डायऑक्साइड आणि काहींच्या पोटात मिथेन तयार होतो. याच आंबण्यातून ब्युटिरेटसारखी आम्लेही बनतात आणि मोठ्या आतड्याच्या अस्तरातल्या पेशी त्यांवर पोसल्या जातात. त्रास देणारी आणि पोषण करणारी क्रिया एकच आहे.

हे उलगडण्यात अमेरिकेतल्या मिनिआपोलिसचे मायकेल लेविट यांचा वाटा मोठा आहे. वाताचा अभ्यास करणाऱ्याला सहसा मान मिळत नाही, त्यामुळे त्यांचे नाव सामान्य वाचकापर्यंत फारसे पोचले नाही. माणसाच्या स्वतःच्या पेशी हायड्रोजन तयार करत नाहीत. तो जिवाणूंकडून येतो, रक्तात मिसळतो आणि फुप्फुसांतून बाहेर पडतो. म्हणून नुसत्या उच्छ्वासावरून मोठ्या आतड्यात काय चालले आहे हे कळते. आज दवाखान्यात होणारी हायड्रोजन श्वासचाचणी याच कामावर उभी आहे. १९७६ मध्ये त्यांनी एका रुग्णाची हकीकत प्रसिद्ध केली. त्याला वाताचा विलक्षण त्रास होता आणि प्रत्येक वेळेची नोंद तो निष्ठेने ठेवत होता. त्या नोंदींच्या आधारे एकेक पदार्थ तपासत गेल्यावर मुख्य दोषी सापडले दूध. दुधातले लॅक्टोज त्याला पचत नव्हते. लेविट यांच्या गटाला आणखी एक गोष्ट आढळली. गव्हाच्या पिठातला काही पिष्टमय भाग लहान आतड्यात न शोषता पुढे जातो; तांदळाचे पिष्ट जवळजवळ पूर्ण शोषले जाते. भातावर वाढलेल्या मुलीला पोळी आणि उसळीच्या ताटाने पोट का फुगते, याचे बरेचसे उत्तर यात आहे. वसतिगृहात दुधाचा पेला सुरू झाला असेल तर उरलेलेही मिळते. ताक मात्र तिला बहुधा सोसेल, कारण विरजणाने लॅक्टोज कमी केलेले असते.

आतड्यातले जिवाणू आहाराप्रमाणे बदलतात, तेही झपाट्याने. हार्वर्डच्या संशोधकांनी २०१४ मध्ये दहा जणांना काही दिवस केवळ वनस्पतिज आणि काही दिवस केवळ प्राणिज आहार दिला. अन्न मोठ्या आतड्यात पोचल्यावर दिवसभरातच जिवाणूंच्या प्रमाणात फरक दिसला, आणि आहार थांबताच ते पूर्ववत होऊ लागले. पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रात योगेश शौचे आणि सहकाऱ्यांनी भारतीयांच्या आतड्यांत प्रिव्होटेला आणि मेगास्फेरा या जिवाणूंचे आधिक्य असल्याचे २०१६ मध्ये मांडले. प्रिव्होटेला धान्य-डाळी-भाज्यांच्या आहाराशी निगडित आहे. परदेशी मोजमापांवरून बेतलेली ‘आतड्याच्या आरोग्याची’ महागडी पाकिटे आपल्याला जशीच्या तशी लागू पडतील, असे मानायला आधार नाही.

पाकिटांपेक्षा वेळ अधिक उपयोगी पडतो. रोज कडधान्ये द्यायच्या अमेरिकेतल्या चाचण्यांत निम्म्याहून कमी लोकांनी वात वाढल्याचे सांगितले, आणि पुढच्या आठवड्यांत त्यांतल्याही बहुतेकांची तक्रार ओसरली. उसळ एकदम वाटीभर न घेता दोन-तीन आठवड्यांत वाढवत नेली, कडधान्य रात्रभर भिजवून ते पाणी टाकले आणि मोड आणले, तर या शर्करा बऱ्याच कमी होतात. चोथा वाढवताना पाणीही वाढवावे लागते, नाहीतर मल घट्ट होतो. वजन पाहायचेच तर सकाळी, शौचानंतर, त्याच काट्यावर पाहून आठवड्याची सरासरी काढावी.

काही लक्षणांना मात्र आहारबदलाचे कारण पुरत नाही. प्रयत्न न करता सहा महिने ते वर्षभरात वजनाचा विसावा भाग घटणे, शौचातून रक्त, ताप, झोपेतून उठवणारे जुलाब, वाढत्या वयाच्या मुलीचे वजन महिनोन्‌महिने न वाढणे किंवा पाळी थांबणे, यांपैकी काहीही असेल तर काटा आणि ताट बाजूला ठेवून डॉक्टरांकडे जायला हवे.