झुलत्या पुलाची तात्पुरती वाट आणि वारा

झुलता पूल बांधताना प्रथम मनोरे उभे राहतात व त्यांवरून रस्त्याचा भार पेलणारे जाड तारदोर नेले जातात. सहस्रावधी तारा एकत्र आवळून हे दोर सिद्ध करणाऱ्या कामगारांनी इतक्या उंचीवर उभे कोठे राहावे? त्यांच्यासाठी काठापासून काठापर्यंत, भावी तारदोराच्या खालून, एक तात्पुरती वाट टांगावी लागते. अभियंते तिला ‘कॅटवॉक’ म्हणतात. काही पोलादी दोर, त्यांवर तारेची जाळी, पाय घसरू नये म्हणून आडव्या पट्ट्या आणि बाजूंस हातदोर, एवढाच तिचा संसार.

वजनाने हलकी असल्याने ह्या वाटेस वाऱ्याचे भय अधिक. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की दाब चौपट होतो. सेकंदाला १० मीटर वेगाचा वारा चौरस मीटरवर सुमारे ६ किलोग्रॅम भाराएवढा दाब देतो. भारतीय मानकाने चेन्नईसाठी मूळ वेग सेकंदाला ५० मीटर धरला आहे. त्या वेगास हाच दाब सुमारे १५० किलोग्रॅम होतो. अल्पकाळ टिकणाऱ्या बांधकामासाठी हा वेग कमी धरण्याची मुभा मानकातच आहे. परंतु वाट तात्पुरती असली तरी तीवरील माणसांचे प्राण तात्पुरते नव्हेत.

म्हणूनच तळाशी फळ्या न घालता जाळी घालतात. वाऱ्याचा बराचसा भाग तीतून निघून जातो. तरीही एक धोका उरतो. वाऱ्याने वाट किंचित कलली की त्या कलण्यामुळेच तिला पिळणारा जोर वाढतो आणि ती अधिक कलते. एका विशिष्ट वेगापलीकडे दोरांचा ताण तिला सावरू शकत नाही. ह्यावर उपाय म्हणजे दोन्ही तारदोरांखालच्या वाटा ठिकठिकाणी आडव्या पुलांनी जोडणे. असे केल्याने एकीचा तोल दुसरी सांभाळते.

वारा पुलास केवळ ढकलत नाही, हा धडा अमेरिकेतील टॅकोमा पुलाने दिला. ७ नोव्हेंबर १९४० रोजी ताशी सुमारे ६८ किलोमीटर वाऱ्यात तो पिळवटून कोसळला. तेव्हापासून मोठ्या झुलत्या पुलांच्या प्रतिकृती वातविवरात, म्हणजे वाऱ्याच्या कृत्रिम बोगद्यात, तपासण्याची प्रथा रूढ झाली.

चेन्नईतील तरमणी येथे वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेच्या संरचना अभियांत्रिकी संशोधन केंद्रात असे वातविवर आहे. जमिनीलगत मंद व उंचावर वेगवान असा वारा तेथे निर्माण करता येतो. जाळीच्या वाटेची परीक्षा मात्र कोणत्याही वातविवरात अवघड ठरते. संपूर्ण वाट लहान केली, तर जाळीची तार केसाहून बारीक होते आणि तिच्याभोवतीचा प्रवाहच बदलतो. यासाठी वाटेचा एक तुकडा मोठ्या प्रमाणात घडवून, निरनिराळ्या कोनांत ठेवून त्यावरील जोर मोजतात. संपूर्ण वाटेचे वर्तन त्यावरून गणिताने काढतात.

पूल पूर्ण होताच ही वाट उतरवली जाते. वर्षानुवर्षे पुलावरून जाणाऱ्यांना ती कधी दिसत नाही; मात्र तारदोर घडवणारे हात तिच्याच आधाराने सुखरूप घरी परततात.