मानेचे मणके जोडल्यावर पुढे काय?

मानेच्या ऑपरेशनचे नाव काढले की वस्तीत दोन गोष्टी हमखास ऐकू येतात. कुणी म्हणते, "माणूस लुळा पडतो." कुणी म्हणते, "एकदा केले की कायमची सुटका." दोन्ही खरे नाही. म्हणून या वेळी आपण हा विषय समजून घेऊ.

मानेत सात मणके असतात. मधली गादी सरकली की हाताकडे जाणारी नस दबते. हातात कळा, मुंग्या येतात. बऱ्याच जणांना औषधे आणि व्यायामाने काही आठवड्यांत आराम पडतो. तसे झाले नाही किंवा मज्जारज्जू दबला, तर ऑपरेशन सुचवतात. गळ्याच्या पुढच्या बाजूने ती गादी काढून तिथे हाडाचा तुकडा किंवा ठोकळा बसवतात आणि दोन मणके जोडतात. हाड पक्के जुळायला काही महिने, कधी वर्षही लागते.

बहुतेकांची हाताची कळ थांबते. मानदुखी मात्र जाईलच असे नाही. एकच जोड असेल तर मान वळवायला फारशी अडचण होत नाही, कारण निम्मे वळणे सर्वांत वरच्या दोन मणक्यांत होते. मज्जारज्जू फार दिवस दबलेला असेल, तर गेलेली ताकद पूर्ण परत येत नाही. म्हणून उशीर नको.

जोडलेला भाग हलत नाही, त्यामुळे शेजारच्या मणक्यांवर ताण येतो. वयाची झीजही असतेच. अमेरिकेत 374 रुग्णांचा अभ्यास 1999 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यानुसार दहा वर्षांत सुमारे चौघांपैकी एकाला शेजारच्या जागी नवा त्रास होतो. त्यातल्या बऱ्याच जणांना पुन्हा ऑपरेशन लागले.

बिडी, मिश्री, गुटखा बंद करा. तंबाखूमुळे हाड जुळत नाही. डोक्यावर पाटी, हंडा, गोणी घेण्याचे काम असेल तर ते डॉक्टरांना आधीच सांगा आणि पुन्हा कधी, किती ओझे उचलायचे ते विचारा. खर्चासाठी रुग्णालयातील आरोग्यमित्राला भेटा. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत हे ऑपरेशन बसते का, ते विचारा.

शर्टाची बटणे लावता येईनाशी झाली, चालताना तोल जाऊ लागला, लघवीवरचा ताबा सुटला, तर ऑपरेशन आधी झालेले असो वा नसो, त्याच दिवशी मोठे रुग्णालय गाठा. अशा वेळी मान चोळून किंवा मोडून घेऊ नका.