आंदणातले कपाट

मुंबई आंदणात दिली गेली, हे आपण शाळेत शिकतो. पोर्तुगालची राजकन्या कॅथरिन ब्रॅगान्झा आणि इंग्लंडचा राजा दुसरा चार्ल्स यांच्या सोयरिकीचा करार १६६१ साली झाला, १६६२च्या मे महिन्यात लग्न लागले. करारात मुंबई बेट होते. ते प्रत्यक्ष इंग्रजांच्या ताब्यात आले १६६५मध्ये. पुढे १६६८ साली राजाने ते वर्षाला दहा पौंड खंडाने ईस्ट इंडिया कंपनीला देऊन टाकले.

या नवरीच्या सामानात कपाटेही होती, हे मात्र फारसे सांगितले जात नाही. जॉन एव्हलिन हा त्या काळचा नावाजलेला रोजनिशीकार. लग्नानंतर काही दिवसांनी त्याने हॅम्पटन कोर्टचा राजवाडा पाहिला आणि राणीने आणलेल्या 'इंडियन' कपाटांची नोंद केली. इंग्लंडात तसली कपाटे नवलाची होती. त्या काळी 'इंडियन' म्हणजे पूर्वेकडचे काहीही. चिनी-जपानी लाखकामही त्यात येई. पण पोर्तुगीज घराण्यांना खरी जवळची होती ती गोव्याकडची कपाटे. सतराव्या शतकातली अशी कपाटे आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आणि लिस्बनला पाहायला मिळतात.

हे कपाट म्हणजे आपले कपड्यांचे कपाट नव्हे. पोर्तुगीजमध्ये त्याला 'कोंतादोर' म्हणतात. हा शब्द 'मोजणे' या क्रियापदावरून आला. कागदपत्रे, जडजवाहीर, नाणी ठेवायची ही पेटी. समोर ओळीने खण आणि खाली पायांची बैठक. सांगाडा सागवानाचा. त्यावर काळ्याभोर अबनुसाचे तुकडे बसवायचे, त्यांच्या मधे हस्तिदंताचे बारीक ठिपके जडवायचे. प्रत्येक खणाला चावीचे भोक आणि त्याभोवती मुलामा दिलेल्या धातूची जाळीदार पट्टी. गंमत म्हणजे बाहेरून जे दोन-तीन खण दिसतात, तो कधी कधी आतून एकच मोठा खण असतो. खणांची रांग सारखी दिसावी म्हणून सुताराने केलेली ही युक्ती.

या कपाटांवर एकात एक गुंतलेल्या वर्तुळांची नक्षी असते. कंपासने काढलेली ती भूमिती मला मशिदीच्या जाळीची वाटते. खाली पाहावे तर पायांच्या जागी बाया कोरलेल्या. मुख स्त्रीचे, धड खाली नागाचे किंवा माशाचे. धनावर नाग बसतो, ही आपल्याकडची जुनी समजूत. साहेबाने पेटी मागितली, सुताराने तिच्याखाली राखण बसवून दिली, असे मी मनाशी म्हणतो. घाट युरोपचा, भूमिती इस्लामी, राखणदार इथल्या मातीतला. तीन परंपरा एका फळीवर नांदल्या आणि सांधा कुठे दिसत नाही.

या देवाणघेवाणीचा आपला वाटा आपल्या तोंडी आहे. आमच्या घरात कपाटाला अलमारी म्हणत. तो शब्द पोर्तुगीज 'आर्मारियु'वरून आला. चावी त्यांची, पगार त्यांचा आणि लिलावही त्यांचाच. आमच्या देवगडचा हापूससुद्धा एका पोर्तुगीज 'आफोन्सो'चे नाव मिरवतो. वस्तू बोटीने गेल्या, शब्द इथे राहिले.

राहिले नाही ते घडवणाऱ्याचे नाव. राजाचे नाव माहीत, राणीचे माहीत, पाहुणा म्हणून येऊन रोजनिशी लिहिणाऱ्याचेही माहीत. अशी कपाटे युरोपात लिलावाला येतात तेव्हा लाकूड, शतक, प्रदेश सगळे छापलेले असते. सुताराचे नाव बहुधा नसते. खालच्या फळीवर सही करायची त्याची रीत नव्हती आणि ते नाव कुणी विचारलेही नाही.

असेच व्हावे असा काही नियम नाही. आमच्याच जिल्ह्यातली गोष्ट पाहा. बडोद्याच्या गायकवाड घराण्यातून सत्त्वशीलादेवी सावंतवाडीच्या भोसल्यांच्या घरात सून म्हणून आल्या. गंजिफा रंगवण्याची कला तेव्हा विझत आली होती. पुंडलिक चितारी या वृद्ध कारागिराकडून त्या ती शिकल्या, मग राजवाड्यातच लाखकामाची कार्यशाळा उभी राहिली. सत्त्वशीलादेवी २०१८मध्ये गेल्या. पण सावंतवाडीच्या गंजिफाची हकीकत सांगताना राजघराण्याबरोबर चिताऱ्यांचेही नाव आजही घेतले जाते. राणी शिष्या झाली, म्हणून गुरूचे नाव उरले.

कोकणातल्या जुन्या घरांतून आजही शिसवी पेट्या, फडताळे, पाळणे बाहेर पडतात. गिऱ्हाईक दारात येते, लाकडाचा भाव करते, टेम्पो भरून निघून जाते. विकू नका, असे मी कुठल्या तोंडाने सांगू? घराला पैसा लागतो. एवढेच सांगतो की, घरातल्या म्हाताऱ्या माणसांना एकदा विचारा, हे कुणी केले, कुठल्या वाडीतल्या सुताराने? नाव आठवले, तर खण बाहेर ओढून त्याच्या मागच्या फळीवर लिहून ठेवा. पेटी कुठेही गेली तरी नाव तिच्याबरोबर जाईल.